अजून नाही, असं मी सांगितलं

सोमवारी सकाळी माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर आमच्या सगळ्या घराला एकच प्रश्न पडला. चारचौघांत विचारायची सोय नाही आणि विचारल्याशिवाय गत्यंतर नाही, असा तो प्रश्न होता. सासूबाईंचा वारा सरला का?

मी मा तेक-ग्यू. जॉन्जू शहरात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि ओरडायचं, हा माझा पंधरा वर्षांचा धंदा. माझी बायको हे-रिम म्हणते, तुझा पाय घरातसुद्धा ब्रेकवरच असतो. असेल. पण या खेपेला ब्रेक भलत्याच ठिकाणी लागला, आणि तो मीच लावला. हे कळायला मला तीन दिवस लागले, म्हणून सांगतोय.

चौदा महिन्यांपूर्वी सासूबाईंचं आतडं फुटलं होतं. जीव वाचवायला त्या वेळच्या डॉक्टरांनी पोट उभं फाडलं, नासलेला तुकडा काढला आणि आतड्याचं वरचं टोक डाव्या कुशीजवळ पोटाबाहेर आणून त्यावर पिशवी लावली. काही महिन्यांनी पुन्हा आत जोडू, म्हणाले. ते काही महिने लांबत गेले. आधी जखम चिघळली, मग रक्तदाब, मग सासूबाईच म्हणायला लागल्या की राहू दे, सवय झाली. सवय वगैरे काही झाली नव्हती. देवळात जाणं बंद, बाजार बंद, मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या स्नानाला जाणं तर पहिल्याच दिवशी बंद. पिशवीतून वारा केव्हा सुटेल याचा नेम नसतो आणि त्याला थोपवायला तिथे काही दार नसतं. माणूस शांत बसलेला असतो आणि पोट आपोआप बोलतं.

शेवटी आम्ही त्यांना डॉ. प्यो यांच्याकडे नेलं. या बाई लहानखुऱ्या आणि बोलायला भारी झपाझप. कागदावर पोट काढून त्यांनी सांगितलं, "मागच्यासारखं फाडायचं नाही, आजी. चार छोटी भोकं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. आतडी एकमेकांना चिकटलेली असणार, ती सोडवायची. मग वरचं टोक आणि खाली उरलेलं टोक जोडायचं. पिशवीच्या जागचं भोक बटव्याच्या तोंडासारखं दोऱ्यानं आवळून टाकायचं."

सासूबाईंनी कागद नीट पाहिला. "म्हणजे एक भोक बुजवायला चार पाडणार?"

"हो. सौदा तसा तोट्याचाच दिसतो," डॉक्टर हसल्या. "पण ही चारही आठवड्याभरात भरतात."

वॉर्डात एका पेशंटबरोबर एकाच माणसाला राहता येतं, मनगटाला पट्टा बांधून. तो पट्टा हे-रिमच्या मनगटाला बांधायचा होता. पण ऑपरेशनच्या आठ दिवस आधी ती किमचीच्या डब्याला अडखळून पडली आणि घोट्याला प्लास्टर घालून बसली. परकी बाई ठेवायला सासूबाई तयार होईनात. मग उरलो मी.

त्या म्हणाल्या, "जावईबापू कशाला? मी एकटी राहते की."

"आई, एकटं ठेवून घेत नाहीत इथे," मी म्हटलं.

इथं आमचं नातं सांगायला हवं. पंधरा वर्षांत मी आणि सासूबाई एका खोलीत दोघंच असे सलग दहा मिनिटं बसलेलो नव्हतो. मी गेलो की त्या कोंबडी शिजवणार, ताट माझ्यासमोर ठेवणार आणि माझं जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरात उभ्या राहणार. मला कधी नावानं हाक नाही, कधी 'तू' नाही. मला ते आवडायचं असं नाही. पण त्यांना 'बसा हो आई' म्हणायची माझीही कधी छाती झाली नाही. आणि आता त्यांच्या पलंगाखालून ओढून काढायच्या बुटक्या बाकावर, त्यांच्यापासून दीड हातावर, मी आठवडाभर झोपणार होतो.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. पोट फाडावं लागलं नाही, सगळं चार भोकांतूनच झालं. "जोड छान बसलाय," डॉ. प्यो म्हणाल्या. "आता आतडं जागं व्हायची वाट बघायची. गॅस पास झाला की पाणी, मग तांदळाची पेज, मग घरी."

मंगळवारी शेजारच्या पलंगावरच्या आजींचा गॅस पास झाला. या आजी बुआनच्या, म्हणून सगळे त्यांना बुआनच्या आजीच म्हणायचे. त्यांनी पडद्याआडून स्वतःच जाहीर केलं, "झालं रे बाबांनो, सुटले!" सहाही पलंगांवरून टाळ्या पडल्या. त्यांच्या लेकीनं तिथूनच इंचनला भावाला फोन लावला. मी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. कानशिलं लाल झाली होती.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी त्यांना व्हरांड्यात चालवत होतो. चाललं की आतडं लवकर जागं होतं. त्या पुढे, एका हातात सलाइनचा स्टँड, आणि मी दोन पावलं मागे. आमच्याच खोलीच्या दारासमोरून परतताना आवाज झाला. लहानसा, पण स्पष्ट.

मी खोकलो. विचार करून नाही. रस्त्यावर कुत्रं आडवं आलं की माझा पाय जसा आपोआप ब्रेकवर जातो, तसा खोकलो. वर आणखी शहाणपणा केला. "या स्टँडच्या चाकाला तेल नाही वाटतं," म्हटलं.

सासूबाई क्षणभर थांबल्या. "हो का," म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

गंमत अशी की खोलीच्या आत पोचेपर्यंत मलाच खरं वाटायला लागलं होतं. चाकच असेल. नाहीतर त्या बोलल्या नसत्या का? इतकी वाट ज्याची बघायची तो आला, तर माणूस काहीतरी बोलेल की नाही? पण मग वाटलं, माझ्यासमोर कशा बोलतील? आणि आवाज चाकाचा असता तर तो एकदाच कसा आला?

दुपारी नर्स आली. "आजी, गॅस पास झाला का?"

सासूबाईंनी नर्सकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, जे त्यांनी पंधरा वर्षांत कधी केलं नव्हतं. मी त्याचा अर्थ लावला की सांगू नका. दुसरा कुठला अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"अजून नाही," मी सांगितलं.

पलंगाशी टांगलेल्या तक्त्यात 'गॅस'च्या खाली मी स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं. मी लिहीत असताना त्या पाहत होत्या. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

गुरुवारी त्यांचं पोट फुगायला लागलं. चालायला उठेनात. मी काही विचारलं की मान हलवायच्या, तीही हो की नाही कळू नये अशी.

"दुखतंय का, आई?"

"नाही."

"मग उठा ना. दोन फेऱ्या मारू."

"कशाला आता."

हे 'आता' मला समजलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "हे-रिम काय म्हणते?"

"काही नाही. घोटा ठणकतोय म्हणते."

"माझ्याबद्दल काय म्हणते?"

"तुमच्याबद्दल काही नाही."

त्या हसल्या. ते हसू मला मुळीच आवडलं नाही, पण का आवडलं नाही ते सांगता येईना.

संध्याकाळी डॉ. प्यो आल्या. पोट दाबून पाहिलं, ऐकून पाहिलं, एक्सरे पाहिला आणि मला खुणेनं दाराबाहेर बोलावलं. बाहेर त्यांचा झपाटा कमी झाला होता.

"मला कोडं सुटत नाहीये," त्या म्हणाल्या. "आतड्याचा आवाज चांगला आहे. ताप नाही. एक्सरेमध्ये हवा खालपर्यंत आलेली दिसते. मग बाहेर का येत नाही? जोडाच्या जागी सूज असेल, अरुंद झालं असेल. उद्या दुपारपर्यंत बघू. नाही झालं तर नाकातून नळी आणि सीटी स्कॅन."

"आणि स्कॅनमध्ये काही निघालं तर?"

"तर पुन्हा आत जावं लागेल. वाईटात वाईट म्हणजे काही दिवस पिशवी परत."

मी हे-रिमला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "हे बघ, आईला यातलं अक्षर सांगू नकोस. पिशवी म्हटलं की ती हाय खाईल. हसत राहा."

"मी हसलो की त्या जास्त घाबरतील," मी म्हटलं.

"मग नेहमीसारखं तोंड कर."

नेहमीसारखं तोंड करून मी आत गेलो. दार अर्धवट उघडं होतं आणि सासूबाईंचं तोंड दाराकडेच होतं, हे मला तेव्हा दिसलं. पण दिसणं आणि लक्षात येणं यांत फरक असतो. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांना मी हे रोज ओरडून सांगतो.

शुक्रवारी सकाळी त्या झोपल्यात असं बघून मी स्टँड घेऊन व्हरांड्यात गेलो. सलाइनची बाटली संपली होती, स्टँड रिकामा होता. तो घेऊन मी दाराशी गेलो, वळलो, परत आलो. हळू, जोरात, उजवं चाक उचलून, डावं चाक दाबून. सात फेऱ्या मारल्या. चाक गुळगुळीत चालत होतं. एकदाही वाजलं नाही. वाजावं म्हणून मी ते फरशीच्या सांध्यावर मुद्दाम आपटलं, तर खडखड झाली. पण बुधवारचा तो आवाज काही येईना.

"काय शोधतोस, जावईबुवा?" बुआनच्या आजी दारात उभ्या होत्या, हातात जवाच्या चहाचा पेला.

"चाक वाजतंय का बघतोय."

"चाक?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "बुधवारचं म्हणतोस होय? ते काय चाक होतं? दार उघडं होतं, मी जागी होते. मी तर टाळी वाजवायला हात उचलला होता. तेवढ्यात तू खोकलास."

"म्हणजे तुम्ही ऐकलं?"

"मी ऐकलं, तू ऐकलंस, तिनं तर केलंच. मग नर्सला 'नाही' म्हणून सांगितलंस. मला वाटलं, असेल काही तुमच्या घरची रीत. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?"

मी तिथेच भिंतीला टेकलो. त्या बिचाऱ्या बाईला तीन दिवस अन्न नाही, आज दुपारी नाकात नळी, आणि कारण काय, तर माझा शिष्टपणा! मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. पण तरी एक गोष्ट जुळेना. बुधवारी सरला तर मग गुरुवारी पोट का फुगलं? पुढचा वारा गेला कुठे?

"आणि काय रे," आजी आवाज खाली आणून म्हणाल्या, "काल ती मला विचारत होती, डॉक्टरीणबाई जावयाशी बाहेर काय बोलल्या ते तुम्हाला ऐकू आलं का. काय लपवताय तिच्यापासून?"

मी आत आलो. पडदा ओढून घेतला आणि बुटक्या बाकावर बसलो. सासूबाई जाग्या होत्या. लायसन्सच्या परीक्षेत मी पन्नास माणसांसमोर एकेकाची लाज काढतो, आणि इथे एका म्हातारीला एक प्रश्न विचारायला मला घाम फुटला.

"आई," मी म्हटलं, "बुधवारी चाक वाजलं नव्हतं."

त्यांनी उशी सरळ केली.

"मी ऐकलं होतं. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून खोकलो. नर्सला खोटं सांगितलं. चुकलं माझं."

त्या हळूच माझ्याकडे वळल्या. डोळे बारीक करून माझं तोंड निरखलं.

"नुसतं तेवढ्यासाठी?"

"म्हणजे?"

"जावईबापू, मला आता शेंड्या लावू नका. तुम्ही ऐकलं हे मला तेव्हाच कळलं. ऐकून खोकलात. मग नर्सनं विचारलं, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं, की मला काही तुमच्यासमोर बोलवत नाही, तुम्हीच सांगा. तर तुम्ही म्हणालात, अजून नाही. वर लिहूनही ठेवलंत. मग मी काय समजायचं? माझ्या नवऱ्याला पोटाचा कॅन्सर झाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून चार महिने त्यांना अल्सर सांगितला. मीच सांगितला. हसत हसत. घरातली माणसं डोळ्यांत बघून खोटं बोलतात ती केव्हा, हे मला कुणी शिकवायला नको."

मी बाक पुढे सरकवला. त्या बोलतच राहिल्या.

"मी म्हटलं, झालं. जोड लागलेला नाही. हा जो आला तो खरा नव्हे, कुठला तरी भलताच. यांना माहीत आहे, मला सांगत नाहीत. पिशवी परत येणार. मग काल डॉक्टरीणबाई तुम्हाला बाहेर घेऊन गेल्या. तुम्ही आत आलात तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी."

"पण आई, मग नंतर? कालपासून पोट फुगलंय. नंतर सरला नाही का?"

सासूबाईंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"येतो," त्या म्हणाल्या. "खूपदा येतो. मी धरून ठेवते."

"धरून? का?"

"चौदा महिने त्यानं मला विचारलं नाही, जावईबापू. गेल्या चुसॉकच्या सणाला पूर्वजांच्या पूजेत मी वाकले होते, तुम्ही सगळे मागे उभे होता, आणि तिथे पोट वाजलं. मला विचारून वाजलं का? बुधवारपासून ते मला विचारतंय. येतं आणि दाराशी थांबतं. मी नाही म्हटलं की थांबतं. मला वाटलं, दोन-चार दिवसांत पिशवी परत लावणारच आहेत. तोवर आहेत तेवढे दिवस मी माझं दार लावून तर घेते."

मला रडू आलं. पंधरा वर्षांत सासूबाईंसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, आणि आता रडत होतो, तेही नाक ओढत. या बाईनं तीन दिवस एकटीनं मरण पाहिलं होतं आणि दीड हातावर मी घोरत होतो.

"आई, जोड लागलाय. डॉक्टर म्हणतात छान लागलाय. कोडं फक्त हेच होतं की बाहेर का येत नाही. बाहेर काल एवढंच बोललो. आणि हे, की आला नाही तर नळी घालू, तपासू, आणि वाईटात वाईट म्हणजे पिशवी. तुमच्यापासून हे लपवलं, हे खरं. दुसरं काही लपवलेलं नाही. खरंच नाही."

"हे-रिमनं सांगितलं लपवायला?"

"हो."

"माझीच मुलगी," त्या म्हणाल्या.

मी घंटी दाबली. नर्स आली, तिच्यामागून डॉ. प्यो आल्या. मी उभा राहून सगळं सांगितलं. बुधवार, अकरा वाजता, व्हरांडा, खोकला. डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला, माझं 'नाही', 'नाही', 'नाही' वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्याकडे नापास होणारी माणसं मला आठवली.

"तुम्ही कामाला काय करता?"

"गाडी शिकवतो."

"देव त्या रस्त्यांचं भलं करो," त्या म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या. "आजी, आता तुम्ही सांगा. यांचं मी ऐकणार नाही."

सासूबाई उशीला टेकून ताठ बसल्या. पडद्यापलीकडे सगळा वॉर्ड गप्प झाला होता. बुआनच्या आजींचा पेलासुद्धा वाजत नव्हता.

"झाला," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी एकदा. बाकीचा इथेच आहे."

"तुम्ही थोपवून धरलाय?"

"हो."

"आता या क्षणी?"

"हो."

डॉ. प्यो यांनी ओठ दाबले. हसू आवरत होत्या की काय, कळेना. "आजी, जोड इतका पक्का आहे की तुम्ही तीन दिवस त्याला दाबून ठेवलंत. परीक्षा पास झाली. आता सोडा. पोटाला ताण नको. सोडलात की पाणी देते, संध्याकाळी पेज. नळी नको, स्कॅन नको."

"पिशवी?"

"पिशवी कशाला?"

सासूबाईंनी डोळे पुसले. पालथ्या हातानं, पटकन. मी ओळखलं की आता आपण इथे नसावं. चपला पायात सरकवल्या आणि पडद्याला हात घातला.

"मी जरा व्हरांड्यात थांबतो, आई."

"नका जाऊ," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुम्हाला..."

"बसा म्हणते ना. तुम्ही बाहेर गेलात की मला पुन्हा वाटत राहील, बाहेर काय बोलताहेत माझ्याबद्दल." त्यांनी माझ्या मनगटावरचा पट्टा बोटांत धरला आणि मला खाली ओढलं. चेहरा लालबुंद झाला होता. पण नजर त्यांनी खाली घातली नाही. "लाज वाटली तर वाटू दे. एकटीनं भिण्यापेक्षा ती बरी. बस इथे, तेक-ग्यू."

मी बसलो.